प्लेटलेट २८ हजार: आकडा खरा की नळीतला?

जांभळं_झाकण · सोमवार, रात्री ८:५०

पावसाळा लागला की लॅबच्या खिडकीवर एकच प्रश्न: "पेशी किती?" पेशी म्हणजे प्लेटलेट, हे गृहीतच. (निम्मे लोक त्यांनाच 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, तो वेगळा धागा होईल.)

माझं मत आधी सांगतो. सेल काउंटरनं (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रानं) १ लाखाच्या खाली आकडा दिला आणि रुग्णाचा जुना रिपोर्ट हाताशी नसेल, तर काचेवर पसरलेल्या रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. ५० हजारांच्या खाली असेल तर आधी नळीत गुठळी आहे का ते पाहायचं, तोच नमुना पुन्हा लावायचा आणि मगच स्लाइडकडे वळायचं. यावर "ऐन गर्दीत इतका वेळ कुणाला आहे" हे उत्तर ठरलेलं असतं.

तर प्रश्न असे. तुमच्याकडे स्लाइड कोणत्या आकड्यापासून सक्तीची? रक्त पुन्हा कधी मागवता? आणि आकड्यावर भरवसा नसेल तर रिपोर्टवर नेमकं काय लिहिता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त हवंय.

कडू_पपई · सोमवार, रात्री ८:५८

पहिला नंबर माझा. पानांचा रस प्या, स्लाइड कशाला.

पॅथोबा · सोमवार, रात्री ९:४०

पपईकडे नंतर येऊ.

जांभळं_झाकण, मर्यादा बरोबर आहे, क्रम थोडा बदला. या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे. काउंट कमी आला की पहिल्यांदा यंत्रानं काढलेला पेशींच्या आकारमानाचा आलेख बघा, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. प्लेटलेटचा डोंगर २ फेम्टोलिटरच्या (पेशीचं घनफळ मोजायचं अतिसूक्ष्म एकक) आसपास चढायला लागतो आणि २० च्या आत पायथ्याला उतरतो. उजवी शेपूट खाली न टेकता हवेत लटकत असेल तर तीन शक्यता: पुंजके, अवाढव्य प्लेटलेट किंवा बारीक लाल पेशींची घुसखोरी. यंत्राला यातला फरक कळत नाही. १९५३ सालच्या कूल्टरच्या पेटंटपासून या पद्धतीचं तत्त्व एकच आहे: बारीक भोकातून पेशी गेली की विद्युतरोध क्षणभर वाढतो, आणि जेवढा मोठा ठोका तेवढी मोठी पेशी. ठोका कुणाचा हे यंत्र विचारत नाही.

म्हणून पाच प्लेटलेट एकमेकींना चिकटून गेल्या तर पाच मोजल्या जात नाहीत. तो पुंजका एक तर मोठी प्लेटलेट म्हणून मोजला जातो, किंवा २० च्या वर गेल्यामुळे मोजणीतूनच बाद होतो. पुंजका फारच मोठा असेल तर लिम्फोसाइट म्हणून पांढऱ्या पेशींत जमा. प्लेटलेट २८ हजार आणि सोबत पांढऱ्या पेशी अनपेक्षितपणे वाढलेल्या, अशी जोडी दिसली की मला डेंगी आठवण्याआधी पुंजके आठवतात. डेंगीत पांढऱ्या पेशी सहसा कमी असतात.

रसिका_का · सोमवार, रात्री ९:५२

पण पुंजके होतातच का? जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए रक्त गोठू नये म्हणूनच तर घालतात ना?

पॅथोबा · सोमवार, रात्री १०:१५

त्यातच गंमत आहे. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतो म्हणून रक्त गोठत नाही. पण कॅल्शियम गेल्यामुळे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची घडी बदलते आणि एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात नेमक्या त्या भागाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. ती थंडाव्यात जास्त जोमानं काम करतात, म्हणून रक्त शरीरातून निघून खोलीच्या तापमानाला आलं की प्लेटलेट एकमेकींना धरतात. माणसाच्या अंगात यातलं काहीच घडत नसतं. प्रमाण साधारण हजारात एक. दिवसाला ३०० सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करणाऱ्या लॅबला असा नमुना तीन-चार दिवसांत एकदा भेटणारच.

चुलतभाऊ प्रकार म्हणजे सॅटेलायटिझम. त्यात प्लेटलेट एकमेकींना न धरता न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीभोवती कडं करून बसतात. स्लाइडवर सुरेख दिसतं, यंत्राला मात्र प्लेटलेट गायब.

पण रसिकाताई, प्रतिपिंडांपेक्षा रक्त काढणाऱ्याचा हात जास्त वेळा कारणीभूत असतो. त्यावर कुणीतरी लिहा.

शिरा_सापडली · सोमवार, रात्री १०:३४

लिहिते. आकडा नळीतच बिघडतो, तो असा:

दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला. सुई आत ठेवून शीर शोधत बसलो, त्यात ऊतींचा रस रक्तात मिसळला आणि गोठण्याची सुरुवात तिथेच झाली. सिरिंजमध्ये रक्त ओढलं आणि नळीत सोडायच्या आधी दुसऱ्या रुग्णाशी बोललो. रक्त सोडलं, पण नळी उलटी-सुलटी केली नाही. किंवा केली ती सरबतासारखी हलवून.

बरोबर पद्धत: नळी भरल्या भरल्या लगेच, हलक्या हातानं ८ ते १० वेळा पूर्ण उलटी करायची. हवेचा बुडबुडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की एक वेळ झाली. सिरिंज वापरली असेल तर सुई काढून टाका, झाकण उघडा, भिंतीलगत रक्त सोडा. सुईतून दाबून सोडलं तर लाल पेशी फुटतात आणि त्यांचे तुकडे यंत्राला प्लेटलेट वाटू शकतात. सायट्रेटची (तेही रक्त गोठू देत नाही) निळी नळी आणि जांभळी नळी दोन्ही भरायच्या असतील तर निळी आधी.

लहान मुलांत बोट टोचून घेतलेल्या नमुन्यात काउंट थोडा कमी येतो, कारण टोचल्या जागी प्लेटलेट खर्च होत असतात. बोट पिळलं तर आणखी वाट.

नमुना फ्रिजमध्ये ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि चार-सहा तासांत लावा.

जांभळं_झाकण · सोमवार, रात्री १०:४१

आणि नळीत गुठळी आहे का हे बाहेरून बघून कळत नाही. लाकडाच्या दोन बारीक काड्या तळापर्यंत फिरवून वर काढायच्या. तांदळाच्या दाण्याएवढी गुठळीसुद्धा लाखभर आकडा खाऊन जाते. गुठळी मिळाली तर तो नमुना बाद, त्यावर, पुंजक्यांसाठी करतात तशी, सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजण्याची चर्चाच नको. नवं रक्त.

न्यूबावर_चाळ · मंगळवार, सकाळी ७:१०

एवढा ऊहापोह झाला आणि चेंबरचं (आखलेल्या काचेवर हातानं मोजायच्या पद्धतीचं) नाव कुणी काढलं नाही, म्हणून आलो.

१ टक्का अमोनियम ऑक्झलेट. ३८० मायक्रोलिटर द्रवात २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे १:२०. दहा-पंधरा मिनिटं थांबा, लाल पेशी विरघळतात. न्यूबावर चेंबर भरा आणि ओला फिल्टर पेपर घातलेल्या पेट्री डिशमध्ये १५ ते २० मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग प्लेटलेट तरंगत राहतात, निम्म्या फोकसबाहेर. ४० च्या भिंगाखाली, कंडेन्सर खाली करून, उजेड कमी करून बघा. बारीक स्क्रू पुढे-मागे केला की प्लेटलेट चमकते आणि काळवंडते, धूळ तशीच राहते.

मधला १ चौरस मिलिमीटर पूर्ण मोजा आणि २०० नं गुणा. काउंट भरपूर असेल तर २५ पैकी पाचच चौकोन मोजून हजारानं गुणलं तरी चालतं. दोन्ही बाजू मोजा आणि आकडे जुळतात का पाहा.

द्रव गाळून फ्रिजमध्ये ठेवा. महिनाभर टेबलावर पडलेल्या बाटलीत जीवाणू वाढतात आणि तेही प्लेटलेटसारखेच दिसतात. मग काउंट वाढतो, पेशंट खूश, डॉक्टर खूश.

कडू_पपई · मंगळवार, सकाळी ७:२२

म्हणजे पपईपेक्षा जुनी बाटली गुणकारी!

सांख्यिक_सदू · मंगळवार, सकाळी ८:०५

न्यूबावर_चाळ, कृती अचूक आहे, पण तिला सुवर्णमानक समजू नका. २० हजार काउंटचं रक्त घ्या. तुमच्या पद्धतीत १ चौरस मिलिमीटरमध्ये १०० प्लेटलेट मोजल्या जातील. यदृच्छेनं पसरलेल्या १०० गोष्टी मोजल्या की प्रमाणविचलन वर्गमूळाएवढं, म्हणजे १०. शंभरातले पंच्याण्णव वेळा उत्तर ८० ते १२० मध्ये येईल. रिपोर्टवर १६ हजार ते २४ हजार, आणि हे पिपेटची चूक शून्य धरून. ती शून्य नसतेच.

यंत्राचं गणितही याच वाटेनं जातं. नेहमीच्या काउंटला चांगलं यंत्र ३ ते ५ टक्के इकडेतिकडे होतं. २० हजाराला तेच १० टक्के किंवा जास्त. १० टक्के धरले तर एकामागून एक दोन नमुन्यांत साडेपाच हजारांपर्यंतचा फरक निव्वळ मोजणीतून येऊ शकतो. त्यामुळे "सकाळी २२ होत्या, संध्याकाळी १८ झाल्या, पडतायत" हे वाक्य गणितात बसत नाही. २२ आणि १८ हा एकच आकडा आहे.

तापमापी · मंगळवार, सकाळी ८:३०

हे वाक्य वॉर्डाच्या दारावर लावायला हवं. दर सहा तासांनी सीबीसी मागवणारे नातेवाईकच असतात असं नाही, आम्ही डॉक्टरसुद्धा असतो.

न्यूबावर_चाळ · मंगळवार, सकाळी ८:४४

सदूभाऊ, मान्य. सुवर्णमानक म्हटलं नाही मी. पण ब्रेकर आणि क्रोनकाइट यांनी १९५० मध्ये फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली मोजायची पद्धत दिली, त्यानंतर कित्येक दशकं जग त्यावर चाललं. काउंट कमी असेल तर मोजायचं क्षेत्र वाढवा: दोन्ही बाजूंचे मधले आणि कोपऱ्यांचे मिळून १० चौरस मिलिमीटर मोजा, हजार प्लेटलेट होतील, चूक ३ टक्क्यांवर येईल. डोळे जातील ते वेगळं.

पॅथोबा · मंगळवार, सकाळी ९:२०

आजची संदर्भपद्धत फ्लो सायटोमीटरची आहे, २००१ पासून. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या सीडी४१ आणि सीडी६१ या खुणांना चमकणारी प्रतिपिंडं लावायची, प्लेटलेट आणि लाल पेशी यांचं गुणोत्तर काढायचं आणि त्याला यंत्रानं मोजलेल्या लाल पेशींनी गुणायचं. रोजच्या कामाला ती परवडत नाही. मधला मार्ग म्हणजे फ्लुरोसंट रंग वापरणारी मोठी यंत्रं. ती आकारावर न जाता आतल्या आरएनएवर जातात, म्हणून लाल पेशींच्या तुकड्यांना फसत नाहीत. ज्यांच्याकडे थ्री-पार्ट काउंटर (पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं साधं यंत्र) आहे त्यांना स्लाइडच.

स्लाइडवरचा अंदाजही शास्त्रशुद्ध हवा. आधी १० च्या भिंगानं शेपटाकडची कड बघा, पुंजके तिथेच ओढले जातात. कडेला पुंजके असतील तर पुढचा अंदाज करायचाच नाही. नसतील तर लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या भागात जा, ऑइल इमर्शनखाली (१०० च्या भिंगानं) १० क्षेत्रं, म्हणजे एका वेळी दिसणारी वर्तुळं, मोजा, सरासरीला १५ हजारांनी गुणा.

जांभळं_झाकण · मंगळवार, सकाळी ९:३१

१५ की २०? आमच्याकडे भिंतीवरच्या तक्त्यात २० हजार आहे.

पॅथोबा · मंगळवार, सकाळी ९:५५

दोन्ही प्रचलित आहेत. खरं उत्तर तुमच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) लिहिलेलं असतं. १८ क्षेत्रांकाच्या आयपीसपेक्षा २२ च्या आयपीसमधून दिसणारं क्षेत्र जवळपास दीडपट. म्हणजे तीच स्लाइड, तेच रक्त, एका मायक्रोस्कोपवर क्षेत्राला १० प्लेटलेट आणि दुसऱ्यावर १५. दोघांना एकच गुणक लावला तर एकाचं उत्तर दीड लाख, दुसऱ्याचं सव्वादोन लाख.

म्हणून स्वतःचा गुणक काढा. आलेख स्वच्छ असलेले तीस-चाळीस नमुने घ्या, काउंट कमी-जास्त असे मिसळून. प्रत्येकाची स्लाइड मोजा. यंत्राचा काउंट भागिले क्षेत्राची सरासरी. या सगळ्या भागाकारांचा मध्यक तो तुमचा गुणक. नवं आयपीस आलं की परत काढायचा.

वऱ्हाडी_ठसका · मंगळवार, सकाळी १०:४०

पॅथोबा भाऊ, एक राहिलं. ॲनिमियात हा गुणक फसवते. हिमोग्लोबिन ६ असलेल्या रक्तात लाल पेशी टेकलेला भाग शोधला, तर तेवढ्या लाल पेशी जास्त रक्तातून आलेल्या असतात, म्हणून प्लेटलेटही जास्त दिसतात. अंदाज फुगते. अशा वेळी हजार लाल पेशींमागं प्लेटलेट किती ते मोजा आणि लाल पेशींच्या काउंटनं गुणा. ५० लाख लाल पेशी आणि हजारामागं ५० प्लेटलेट, म्हणजे अडीच लाख. २० लाख लाल पेशी आणि तेच ५०, तर लाखच. याहून झटपट करायचं तर क्षेत्राची सरासरी गुणिले हिमोग्लोबिन गुणिले हजार. हिमोग्लोबिन १५ असलं तर तो तुमचा १५ हजारांचाच गुणक झाला, बघा.

आमच्याकडं सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. बऱ्याच रुग्णांत प्लीहा लहानपणीच आकसून जाते, आणि एरवी एकतृतीयांश प्लेटलेट तिच्यात थांबलेल्या असतात. म्हणून या रुग्णांत काउंट ४-५ लाख दिसला तर घाबरायचं काम नाही. उलट सिकलवाल्याचा काउंट अचानक दीड लाखावर आला तर 'नॉर्मल' लिहून सोडू नका. त्याच्यासाठी तो कमी आहे.

रसिका_का · मंगळवार, सकाळी १०:५८

हे उलटं पहिल्यांदाच वाचलं. मग आकडा खोटा 'जास्त' पण येतो का?

वऱ्हाडी_ठसका · मंगळवार, सकाळी ११:१५

येतो ना. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असेल, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६० च्या आसपास, तर सगळ्यात बारीक लाल पेशी प्लेटलेटच्या हद्दीत शिरतात. भाजलेल्या रुग्णात लाल पेशींचे तुकडे. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींच्या पेशीद्रवाचे तुकडे. थंडाव्यात साकळणाऱ्या क्रायोग्लोब्युलिन प्रथिनाचे कण. या ल्युकेमियावाल्याचं जास्त जपा: यंत्र ३५ हजार म्हणते, खऱ्या असतात १२ हजार, आणि प्लेटलेट चढवायचा निर्णय त्यावर ठरते.

तापमापी · मंगळवार, दुपारी १:०५

जास्त काउंटचा एक सापळा रक्ताच्या दुसऱ्याच तपासणीत असतो. काउंट १० लाखांच्या वर असेल तर लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठताना प्लेटलेटमधलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवात) ६ च्या वर येतं. ईसीजी मात्र स्वच्छ. अशा वेळी हेपरिनच्या हिरव्या नळीत प्लाझ्मावर (न गोठलेल्या रक्ताच्या द्रवावर) पोटॅशियम पुन्हा करा, मग औषध द्या.

टेम्सकाठी · मंगळवार, दुपारी ३:२०

एककांचं कुणी बोललं नाही. इथे इंग्लंडात रिपोर्टवर '१० चा नववा घात प्रति लिटर' असतं, त्यामुळे नॉर्मल म्हणजे १५० ते ४००. भारतातले रिपोर्ट 'लाख प्रति घनमिलिमीटर', 'हजार प्रति मायक्रोलिटर' किंवा नुसता पूर्ण आकडा, तिन्ही तऱ्हांनी येतात. घनमिलिमीटर आणि मायक्रोलिटर एकच, त्यामुळे १५० हजार, १.५ लाख आणि १५० गुणिले १० चा नववा घात हे तिन्ही सारखेच. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो एककाचा रकाना कापून पाठवलेला असतो आणि खाली प्रश्न: "काल १.२ होत्या, आज ११८ झाल्या, चांगलं ना?"

कडू_पपई · मंगळवार, दुपारी ३:२६

रात्रीत ११७ वाढल्या! पानं संपली असतील झाडाची.

तापमापी · मंगळवार, दुपारी ३:५०

हसू आलं तरी पपईचं आता लिहूनच टाकतो. डेंगीत प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात, ताप उतरायच्या सुमारास तळाला जातात आणि आठवड्याच्या शेवटाकडे आपल्या आपण चढतात. पाचव्या दिवशी काहीही सुरू केलं, रस, किवी, बकरीचं दूध, तरी सातव्या दिवशी श्रेय त्यालाच मिळतं. काही छोट्या अभ्यासांत पपईच्या अर्कानं काउंट थोडा लवकर वाढल्याचं दिसतं. पण रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध नाही, आणि मुळात डेंगीत माणूस काउंटमुळे क्वचित दगावतो. त्याला मारते ती रक्तवाहिन्यांतून होणारी प्लाझ्माची गळती.

म्हणून डेंगीत प्लेटलेटच्या शेजारचा रकाना वाचा, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के). मूळ आकड्यापेक्षा २० टक्के चढलं तर गळती सुरू आहे. ३८ वरून ४६ झालेला आणि प्लेटलेट ७० हजार असलेला रुग्ण, हिमॅटोक्रिट स्थिर आणि प्लेटलेट २० हजार असलेल्या रुग्णापेक्षा जास्त धोक्यात आहे. पोटात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, गुंगी, हे दिसलं तर काउंट कितीही असो, दवाखाना गाठा. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोक्याचे २४ ते ४८ तास तिथूनच सुरू होतात.

आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच. ही औषधं काउंट न हलवता प्लेटलेटचं काम बंद पाडतात. हजेरीपट पूर्ण, कामावर कुणी नाही.

पिशवी_क्रमांक_७ · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

रक्तपेढीच्या बाजूनं. "५० च्या खाली गेल्या, पिशव्या आणा" ही चिठ्ठी पावसाळ्यात रोज येते. रक्तस्राव नसेल तर डेंगीत प्लेटलेट चढवायची मर्यादा राष्ट्रीय मार्गदर्शिकेत १० हजारांच्या खाली आहे. सिंगापूर आणि मलेशियात २० हजार किंवा त्याखाली काउंट असलेल्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या प्रतिबंधासाठी प्लेटलेट चढवून रक्तस्राव कमी झाला नाही, उलट त्रास वाढले.

हिशोब असा: एका दात्याच्या रक्तातून वेगळी काढलेली साधी पिशवी, म्हणजे आरडीपी, मोठ्या माणसाचा काउंट ५ ते १० हजारांनी वाढवते. यंत्रावर एकाच दात्याकडून घेतलेली एसडीपी ३० ते ५० हजारांनी. डेंगीत चढवलेल्याही लवकर नष्ट होतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा काउंट पाहून 'पिशवी खराब होती' म्हणू नका. वाढ पाहायची तर चढवून झाल्यावर तासाभरात काउंट करा, आणि रक्त दुसऱ्या हातातून घ्या.

नातेवाइकांना कळकळीची विनंती: प्लेटलेटची पिशवी बर्फाच्या डब्यातून नेऊ नका. लाल पेशी थंड लागतात, प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. आयुष्य पाच दिवस. गार केलेल्या प्लेटलेट अंगात गेल्या की यकृत त्यांना पटकन उचलून टाकतं.

रसिका_का · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

दुसरा हात का?

पिशवी_क्रमांक_७ · मंगळवार, संध्याकाळी ६:४४

ज्या हातात सलाइन सुरू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूनं रक्त घेतलं तर त्यात सलाइन मिसळून येतं. सगळेच आकडे खाली येतात, प्लेटलेटही. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट एकाच प्रमाणात पडलेले दिसले की आधी हा संशय.

सांख्यिक_सदू · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

मूळ प्रश्नाकडे जाण्याआधी सायट्रेटवर दोन ओळी, कारण तिथे गुणाकार चुकतो. निळ्या नळीत ०.३ मिली सायट्रेट आणि २.७ मिली रक्त, मिळून ३. म्हणून आलेल्या काउंटला १.१ नं गुणायचं. नळी खुणेपर्यंत भरली नाही, समजा १.८ मिलीच रक्त आलं, तर विरलीकरण २.१ भागिले १.८, म्हणजे १.१७. तिथे १.१ नं गुणलं तर उत्तर कमी येणार. अर्धवट नळी घेऊच नका. सायट्रेटच्या नळीतून फक्त प्लेटलेटचा आकडा घ्यायचा, हिमोग्लोबिन वगैरे जांभळीतूनच.

पॅथोबा · मंगळवार, संध्याकाळी ७:५०

आणि काहींचे पुंजके सायट्रेटमध्येही होतात. तेव्हा नवा ईडीटीए नमुना घेऊन ३७ अंशांवर ठेवा आणि काही मिनिटांत लावा, किंवा बोटातून थेट ऑक्झलेटमध्ये घेऊन चेंबर. (न्यूबावर_चाळ, तुमची पाळी आली बघा.)

जन्मजात मोठ्या प्लेटलेटचाही विसर नको. पश्चिम बंगाल आणि आसपासच्या भागातल्या बऱ्याच निरोगी लोकांत काउंट कमी आणि प्लेटलेट मोठ्या असतात, त्याला हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम म्हणतात. रक्तस्राव नाही, औषध नाही. पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या अशा माणसाचा वार्षिक तपासणीत ९० हजार काउंट येतो आणि आयटीपी या, शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं त्या आजाराच्या नावाखाली स्टेरॉइड सुरू होण्याची भीती असते. स्लाइडवर लाल पेशीएवढ्या प्लेटलेट दिसल्या तर गाव आणि घरच्यांचे जुने रिपोर्ट विचारा. न्यूट्रोफिलमध्ये निळसर ठिपके आहेत का तेही पाहा. असतील तर वेगळा आनुवंशिक आजार, त्यात ऐकू येणं आणि मूत्रपिंड दोन्ही तपासावी लागतात.

जांभळं_झाकण · मंगळवार, रात्री ९:००

भरपूर मिळालं. माझा क्रम आता असा बदलतो. सकाळी ब्लँक (रक्ताविना यंत्राची फेरी) चालवताना प्लेटलेटचा आकडा बघायचा. अनेक यंत्रं १० हजारांपर्यंतचा ब्लँक 'पास' म्हणतात, पण खालच्या काउंटला तेवढा कचरा परवडत नाही, म्हणून स्वच्छ होईपर्यंत धुवायचं. १ लाखाच्या खाली: आलेख, काड्या, स्लाइडची कड. ५० हजारांच्या खाली: दोनदा लावणं आणि क्षेत्रं मोजणं. कालच्या रिपोर्टशी निम्म्याहून जास्त फरक असेल तर काउंट कितीही असो, हेच सगळं आणि नळीवरचं नावही. २० च्या खाली, खरा निघाला तर, रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

पण तिसरा प्रश्न तसाच राहिला. पुंजके दिसले तर काय लिहायचं? माझा मसुदा: "नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या आढळल्या. काउंट २८,०००, प्रत्यक्षात जास्त असू शकतो."

तापमापी · मंगळवार, रात्री ९:१२

आकडा छापूच नका. २८ हजार एकदा कागदावर आला की पुढचं वाक्य कुणी वाचत नाही.

टेम्सकाठी · मंगळवार, रात्री ९:२०

सहमत. इथेही अशा वेळी आकड्याची जागा रिकामी ठेवून शेरा जातो.

शिरा_सापडली · मंगळवार, रात्री ९:२६

आणि 'गुठळ्या' नको. मराठी शेऱ्यात तो शब्द वाचून माणूस विचारतो, "मेंदूत जाईल का?" गुठळी म्हणजे रक्त गोठणं असंच सगळे समजतात. तुम्हीच वर काड्यांनी शोधायची ती गुठळी. तिथे नमुना बाद आणि इथे माणूस ठणठणीत, दोन्हीला एकच शब्द कसा?

पॅथोबा · मंगळवार, रात्री ९:४५

बरोबर. असं करून बघा:

"प्लेटलेट काउंट: देता येत नाही. या नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले आहेत, त्यामुळे यंत्राचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. स्लाइडवर प्लेटलेट पुरेशा दिसतात. हे नळीतल्या द्रवामुळे घडू शकतं, तो आजार नाही. सायट्रेटच्या नळीत नवा नमुना द्यावा."

'पुरेशा दिसतात' हे फक्त खरंच दिसत असतील तरच. पुंजके मोठे आणि भरपूर असतील तर लिहा. एखाददुसराच असेल आणि बाकी क्षेत्र रिकामं, तर ते वाक्य गाळा आणि फोन करा. पुंजके असलेल्या रक्तात काउंट खराखुरा कमीही असू शकतो.

जांभळं_झाकण · मंगळवार, रात्री ९:५२

घेतला. 'द्रवामुळे' ऐवजी 'औषधामुळे' लिहिणार होतो, मग लक्षात आलं की लोक स्वतःची गोळी बंद करतील.

आमच्या नळ्यांत तो द्रव नसून भिंतीवर वाळलेला थर असतो. 'नळीतल्या रसायनामुळे' करतो.

कडू_पपई · मंगळवार, रात्री ९:५५

रसायन म्हटलं की च्यवनप्राश आठवेल. तरी चालेल.